मास्तरांची पोरं

माझ्या मामानं आयुष्यात रिंगच्या बाहेर पहिल्यांदा कुणावर हात उचलला, तेव्हा समोर उभ्या असलेल्या पोराला ठोसा मारायला शिकवलं होतं ते त्यानंच.

मामा डावरा. केबलच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होता आणि कारखान्याच्या संघाकडून बॉक्सिंग खेळायचा. समोरचा गडी त्याच्या उजव्या हाताकडे डोळे लावून बसायचा आणि डावा कुठूनसा येऊन जबड्यावर आदळायचा. त्याचं स्वतःचं नाकही दोनदा मोडलेलं. झोपला की शिट्टी वाजायची. माझी आई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती म्हणायची, "याच्या खोलीत चोर शिरायचे नाहीत. त्यांना वाटेल कुकर लावलाय, कुणीतरी जागं आहे."

कारखाना बंद पडला आणि शहराचा निम्मा भाग घरी बसला. मामानं मालकाच्या वकिलाच्या मागे लागून कारखान्याचं रिकामं कँटीन मिळवलं. टेबलं बाहेर काढली, चार खांबांना दोर बांधून रिंग केली, पोत्यांत चिंध्या आणि लाकडाचा भुसा भरून ती छताला टांगली. बेकार पोरं तिथं येऊ लागली. लोक त्या जागेला तालीम म्हणत आणि मामाला मास्तर. नियम एकच होता. बाहेर कुणावर हात टाकला, तर परत पायरी चढायची नाही.

त्या पोरांत एक होता मुका. तो मुका नव्हता, पण बोलायची वेळ आली की दाढ उपटायला बसवल्यासारखं तोंड करायचा, म्हणून पोरांनी नाव पाडलं. बाप कारखान्यातल्या अपघातात गेलेला, आईनं दुसरं घर केलेलं. तालीम सुटली की मामा त्याला आमच्याकडे जेवायला आणायचा. माझी आई त्याला न विचारताच वाढायची, कारण विचारलं तर तो "नको" म्हणणार हे ठरलेलं. तो मूळचा उजवा. मामानं त्याचा डावा हात घडवला. रोज पोत्यासमोर उभा करून सांगायचा, "टाच फिरव, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. हाताला घाई झाली की ठोसा पोकळ होतो." मुका मान हलवायचा आणि पोतं छतापर्यंत उडायचं.

त्या वर्षांत राजधानीत सरकार टिकत नव्हतं. आमचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावताना विचारायचा, "दाढी होईपर्यंत टिकेल ना हो हे?" आमच्या नगरपालिकेचीही तीच तऱ्हा. कुणालाच बहुमत नाही. आई आमच्या वॉर्डातून निवडून गेली होती, बैठकीहून आली की चपला भिरकावायची आणि म्हणायची, "आज गटारावर बोलायचं होतं. कोण कुठं बसणार, यावरच संध्याकाळ झाली." नगराध्यक्ष होते एक म्हातारे वकीलसाहेब. माणूस हुशार, पण सगळ्यांना खेळवता येतं असा त्यांचा समज. पोलिसांचे पगार थकलेले. दुकानं दिवसाढवळ्या फुटत.

अशात शिस्तवाले आले. त्यांचा पक्ष देशभर वाढत होता, आमच्या शहरात तो चालवायचा टाइमकीपर. कारखाना चालू होता तेव्हा फाटकावर हजेरी घ्यायचं काम त्याचं. एखादा मिनिटभर उशिरा आला तरी हा अर्धा रोज कापायचा, आणि तेही आवाज न चढवता. तो पहिल्यांदा भाषणाला उभा राहिला तेव्हा लोक हसले. तो म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला लुटलं गेलं. लुटणाऱ्यांची नावं मला माहीत आहेत." हसू थांबलं. घरी जाताना एक जण म्हणाला, "काही म्हणा, हा वेळेवर तरी येतो."

एका दुपारी तो तालमीत आला. बूट दाराशी काढले. गळक्या छताकडे बघून म्हणाला, "मास्तर, हे मी दुरुस्त करून देतो. पोरांना ग्लोव्हज देतो, बूट देतो. आमच्या सभांना गर्दी फार होते. पोरांनी फक्त उभं राहायचं."

"उभं राहून काय करायचं?" मामानं विचारलं.

"काही नाही. मजबूत माणूस नुसता उभा असला तरी काम होतं."

आईला हे कळलं तेव्हा ती भडकली. "अरे, फुकट कोण देतं का कुणाला? उद्या तो हिशोब मागेल."

"ताई, ही पोरं दिवसभर पुलावर बसून दगड मारतात पाण्यात," मामा म्हणाला. "तुझ्या पालिकेनं काय दिलं त्यांना?"

छत नवं झालं आणि पोरांच्या अंगावर करडे शर्ट आले.

पहिला मार न्हाव्यानं खाल्ला. चौकात सभा होती. टाइमकीपर म्हणत होता की वर्षभरात कारखाना सुरू करू. मागून न्हाव्यानं विचारलं, "मशीनं तर विकली मालकानं. कशावर सुरू करणार, तुमच्या घड्याळावर?" लोक खदखदून हसले. टाइमकीपरनं फक्त त्या बाजूला बघितलं. पोरांनी न्हाव्याला उचलून सार्वजनिक नळाच्या मागं नेलं. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्याला आणला तेव्हा वॉर्डात ड्यूटीवर होते. चार बरगड्या मोडल्या होत्या आणि वस्तरा धरायचा अंगठा उलटा वळवला होता. श्वास घेताना रक्ताचे बुडबुडे येत होते.

मामानं तालमीत सगळ्यांना उभं केलं. "कुणी मारलं?"

"मी," मुका म्हणाला. लपवणं त्याला जमायचं नाही.

"चालता हो."

मुका गेला. मामा त्या दिवसापासून नीट जेवेना. पण विभागीय स्पर्धा तोंडावर आली होती, आणि मुक्यासारखा पोरगा त्याला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. काही आठवड्यांनी एका सकाळी मुका तालमीच्या पायरीवर बसलेला दिसला. मामा दार उघडता उघडता म्हणाला, "झाडू घे आधी." झालं. एवढ्यावर नियम मोडला. स्पर्धेत मुक्यानं सलग तीन जणांना आडवं केलं आणि मामानं त्याला खांद्यावर घेऊन मिरवला.

मग बाजारात एक पाकीटमार सापडला. शिस्तवाल्यांनी त्याला पोलिसांकडे दिलं नाही. भर दुपारी त्याचा हात खाटकाच्या ओट्यावर धरला आणि मोठ्या वजनानं एकेक बोट ठेचलं. पोरगा गुरासारखा ओरडत होता. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या बायकांची पाकिटं गेली होती त्यांनी पोरांना चहा पाजला. फौजदार लांबून बघत म्हणाला, "चला, आमचं काम हलकं झालं." त्या आठवड्यात बाजारात चोरी झाली नाही, हेही खरं आहे. ते नाकारून चालणार नाही, कारण त्यामुळेच पुढचं सगळं सोपं झालं.

पालिकेच्या पुढच्या निवडणुकीत आई पुन्हा निवडून आली आणि शिस्तवाले तिसरे आले. तिसरे. निम्म्या शहरानं तर सोडाच, पाव शहरानंही त्यांना मत दिलं नव्हतं. पण पहिल्या दोघांचं एकमेकांशी पटेना. वकीलसाहेबांनी तोडगा काढला: टाइमकीपरला उपाध्यक्ष करायचं. आई त्यांच्या घरी जाऊन भांडली.

"अहो, हा माणूस सभागृहच मोडायला निघालाय."

"ताई, बाहेरचा कुत्रा भुंकतो, आतला शेपूट हलवतो," वकीलसाहेब हसून म्हणाले. "खुर्ची दिली की माणूस मऊ होतो. चाळीस वर्षं बघतोय मी."

महिन्याभरातच ठराव आला. सभागृहाचे सगळे अधिकार वर्षभरासाठी उपाध्यक्षांकडे आणि करड्या शर्टवाल्यांना पालिकेचं रक्षक दल म्हणून पगार. आदल्या दिवशी विरोधातल्या एका सदस्याच्या घराला आग लागली. त्याची म्हातारी आई खिडकीतून उडी मारताना गेली. तो दुसऱ्या दिवशी बैठकीला आला, पण त्याच्या चेहऱ्यात माणूस उरला नव्हता.

माझी आई बैठकीला जाणार हे ठरलेलं होतं. मामा म्हणाला, "मी येतो." आम्ही दोघं प्रेक्षकांच्या कठड्यामागं उभे राहिलो. खाली घोड्याच्या नालासारखं लांब टेबल, भोवती सदस्य, मधे वकीलसाहेब. ठराव वाचून झाल्यावर दारं लागली आणि पोरं आत आली. प्रत्येक खुर्चीमागं एक जण जाऊन उभा राहिला. मामा त्यांची तोंडं बघत होता. बरीचशी त्याचीच होती. आईच्या मागं मुका उभा होता.

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा," वकीलसाहेब म्हणाले.

हात वर गेले. एका निवृत्त चित्रकला शिक्षकानं अर्धा हात वर करून खाली घेतला. त्याच्या मागच्या पोरानं तो मनगटाला धरून वर केला आणि खांद्यातून निखळेपर्यंत मागं ओढला. त्याची किंकाळी छताला लागली.

आई उभी राहिली. "माझ्यामागं माणूस उभा आहे. तो जाईपर्यंत मी मत देणार नाही. आणि हे जे चाललंय त्याला मतदान म्हणत नाहीत."

"ताईंना बसवा," टाइमकीपर म्हणाला.

मुक्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आई वळली. "हात काढ. परवाच जेवून गेलास ना माझ्याकडे?"

मुक्यानं हात काढला. टाइमकीपरनं घड्याळात बघितलं आणि हळूच विचारलं, "ऐकू आलं नाही का?"

टाच फिरली, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. मी वरून स्पष्ट पाहिलं. डाव्या हाताचा तो ठोसा आईच्या डोळ्यावर बसला आणि लाकूड मोडावं तसा आवाज आला. ती खुर्चीसकट मागं कोसळली.

मामा कठड्यावरून खाली कधी उडी मारून गेला ते मला दिसलंच नाही. दिसलं तेव्हा एक पोरगा टेबलावर पालथा पडला होता, दुसरा पोट धरून गुडघ्यावर आला होता आणि मामा मुक्यासमोर उभा होता. मुक्यानं हात वर घेतले नाहीत. रिंगमध्ये झोपेतही घेतले असते. मामाच्या ठोशानं त्याचा जबडा तुटून बाजूला सरकला, तोंडातून दात आणि रक्त एकदम आलं, आणि तो आईच्या शेजारीच पडला.

मग त्यांनी मामाला घेरलं. खुर्च्यांचे पाय, पितळी फुलदाणी, बूट, जे हाताला लागेल ते वापरलं. तो खाली पडला तरी थांबले नाहीत. भिंतीशी कागदपत्रांचं लोखंडी कपाट होतं. टाइमकीपर म्हणाला, "डावा." चौघांनी मामाला ओढत नेलं, त्याचा डावा हात कपाटाच्या चौकटीत धरला आणि दार लाथेनं बंद केलं. मग उघडलं आणि पुन्हा बंद केलं. लाथ घालणारा पोरगा तालमीतला होता. पहिल्या दिवशी त्याच्या हाताला पट्ट्या मामानंच बांधल्या होत्या. तो रडत होता आणि लाथा घालत होता.

वकीलसाहेब समोरच्या कागदाकडे बघत बसले होते. सगळं शांत झाल्यावर ते म्हणाले, "ठराव बहुमतानं मंजूर." दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आलं, सभागृहात किरकोळ गोंधळ. पुढच्या आठवड्यात ते वर्तमानपत्रही बंद झालं, आणि मग महिन्याभरात वकीलसाहेबांनाही त्यांच्याच घरात कोंडलं. खुर्ची मऊ करते म्हणतात ते बहुतेक बसणाऱ्याला नव्हे, देणाऱ्याला.

आईचा डोळा गेला. मामाच्या हाताचा एक्स-रे मीच पाहिला. फुटक्या कपबशीचे तुकडे कुणी पिशवीत भरावेत तसा दिसत होता. डॉक्टर जोडायला बसणार तोच पोलीस आले आणि रक्षक दलावर हल्ला केला म्हणून त्याला तसाच घेऊन गेले. तुरुंगात हाडं वाटेल तशी जुळली. बाहेर आला तेव्हा त्या हाताची मूठही होत नव्हती आणि तो उघडतही नव्हता.

तोवर राजधानीतही तेच झालं होतं. तिथल्या वकीलसाहेबांनीही तसाच विचार केला असणार. शिस्तवाले आता सरकार होते.

मामा सुटला त्या सकाळी मी त्याला आणायला गेले. तुरुंगाच्या फाटकाबाहेर मुका उभा होता. अंगावर रक्षक दलाच्या प्रमुखाचा शर्ट, जबडा वाकडा, बोलताना लाळ ओघळायची. मी मामाच्या पुढं झाले. मामानं मला बाजूला केलं.

"ताईंचा डोळा?" मुक्यानं विचारलं.

"गेला."

मुक्यानं बाहीनं लाळ पुसली.

"का मारलंस?" मामा म्हणाला.

"सांगितलं म्हणून."

"सोड त्यांना."

"सोडून कुठं जाऊ, मास्तर?"

मुका निघून गेला. मला त्याची कीव आली नाही, आजही येत नाही. मामाची गोष्ट वेगळी होती. घरी येईपर्यंत तो एवढंच म्हणत होता, "पायरीवर बसला होता तेव्हाच हाकलायला हवा होता. नाहीतर त्याआधी कुठंतरी काम लावून द्यायला हवं होतं. काहीतरी करायला हवं होतं."

त्यानंतरच्या वर्षी टाइमकीपरला या पोरांची लाज वाटू लागली. पोलिसांचे पगार आता वेळेवर होत होते, फौजदार त्याला सलाम ठोकत होता, परदेशातले व्यापारी कारखाना बघायला येणार होते. रस्त्यावर लोकांना ठोकून काढणारी, सत्ता आपण आणली म्हणून हप्ता मागणारी पोरं त्याला नको झाली. त्यानं सगळ्यांना सत्कारासाठी तालमीत बोलावलं. धुतलेले शर्ट घालून, भांग पाडून या, असा निरोप होता. पोरं तशीच गेली. दारं बाहेरून लागली. खिडक्यांशी राजधानीहून आलेले बंदूकवाले उभे होते.

मी तेव्हा पावाच्या रांगेत होते. गोळ्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला, मधे थांबला, मग सुटे सुटे आवाज आले. रांगेतल्या कुणीही मान वळवली नाही. पुढच्या बाईनं फक्त पोराचे कान झाकले. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की देशद्रोह्यांचा कट उधळला.

प्रेतं पोलीस ठाण्यामागच्या आवारात टाकली होती. घरचे न्यायला येईनात. जो येईल त्याचं नाव लिहून घेतलं जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामा सकाळीच उठला आणि चपला घालू लागला.

"कुठं?" आईनं विचारलं.

"त्याला आणायला. तिथं कुत्री फिरतायत म्हणे."

आई म्हणाली, "माझ्या घरात आणू नकोस. बाकी तुला काय करायचं ते कर."

मी हातगाडी मिळवली. आवारात माशा घोंघावत होत्या. मामा एकेकाचं तोंड उजव्या हातानं वळवून बघत होता आणि प्रत्येकाला ओळखत होता. मुका भिंतीशी होता, छातीची चाळण झालेली. हवालदारानं विचारलं, "तुमचा कोण?"

"पोरगा," मामा म्हणाला.

हवालदारानं नाव लिहून घेतलं. मामाला दांडा धरता येईना, म्हणून त्यानं पट्टा छातीला बांधून गाडी ओढली आणि मी मागून ढकलली. रस्त्यात दारं बंद होत गेली. शहराबाहेर आम्ही खड्डा खणला, म्हणजे मी खणला आणि तो माती हातानं उपसत होता. परत आलो तेव्हा आईनं आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाली, "नाव लिहून घेतलं असेल. सामान बांधा."

आम्ही सरहद्द ओलांडून शेजारच्या देशात आलो. मला दवाखान्यात काम मिळालं, मामा मालाच्या डेपोत पार्सलं सरकवू लागला. तिथंही सरकार सहा महिने टिकेना. एक दिवस डेपोत दोन माणसं आली. त्यांच्या साहेबांच्या सभेला तगडी पोरं हवी होती. बूट मिळतील, रोजचे पैसे मिळतील, काम काही नाही, फक्त उभं राहायचं. शर्टाचा रंग तेवढा वेगळा होता. जेवणाच्या सुट्टीत रांग लागली.

मामा एका खोक्यावर चढला. तो कधी भाषण करणारा नव्हता. त्यानं आपला डावा हात सगळ्यांसमोर धरला आणि सुरुवातीपासून सांगायला लागला: छत, ग्लोव्हज, न्हावी, बहीण. रांगेतली पोरं आधी हसली. एक म्हणाला, "म्हातारबुवा, उतरा खाली, पडाल." ती दोन माणसं हसली नाहीत. त्यांनी त्याला खोक्यावरून खेचला आणि सगळ्यांसमोर तुडवला. मुकादमानं त्याच दिवशी कामावरून काढलं.

तो घरी आला तेव्हा ओठ फाटलेला होता आणि पुढचे दात गेले होते. मी जखम पुसत होते. आई तिच्या एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत समोर बसली होती.

"किती जणांनी ऐकलं?" तिनं विचारलं.

मामानं रक्त थुंकलं. "दोघं निघून गेले रांगेतून."

"बरं," आई म्हणाली आणि बर्फ आणायला शेजाऱ्यांकडे गेली.